तुकोबांचा आत्मशोध

ज्येष्ठ महिना सरत आला, पावसाच्या पहिल्या सरी पडू लागल्या, की कासारवाडीच्या हमरस्त्याचे रूप एका दिवसापुरते पालटते. एरवी हा रस्ता कारखान्यांचा. पुण्या-मुंबईकडे धावणारी वाहने, लोहमार्गावरून धडधडत जाणाऱ्या गाड्या, डोक्यावरून जाणारी मेट्रो आणि पाळी बदलण्याच्या वेळी चाललेली कामगारांची लगबग, हेच येथील नित्याचे दृश्य. परंतु त्या दिवशी दुरून टाळमृदंगांचा नाद ऐकू येतो, भगव्या पताका दिसू लागतात आणि क्षणभर यंत्रांचा आवाजही मागे पडतो. आकुर्डीचा मुक्काम आटोपून संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याकडे निघालेली असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लहानथोर माणसे वारकऱ्यांसाठी पाणी आणि फळे घेऊन उभी असतात. कोणी पालखीतील पादुकांवर फुले वाहतो, कोणी थकलेल्या वारकऱ्याच्या पायांस हात लावून नमस्कार करतो.

ज्यांच्या नावाने ही माणसे ऊनपावसात चालतात, ते तुकोबा राजे नव्हते, की सेनापती नव्हते. ते एका लहानशा गावातील वाणी होते, आणि त्यांच्या व्यापाराचे दिवाळे निघाले होते. असा मनुष्य अवघ्या महाराष्ट्राच्या हृदयात कसा जाऊन बसला? त्याचे उत्तर त्यांनी मिळविलेल्या धनात नाही, की विद्येतही नाही. तुकोबांनी आयुष्यभर एका माणसाचा कसून शोध घेतला. तो माणूस म्हणजे ते स्वतः.

कासारवाडीपासून काही कोसांवर, इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. तेथे मोरे घराण्यात इ. स. १६०८च्या सुमारास तुकोबांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव बोल्होबा व आईचे नाव कनकाई. थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. घराण्याकडे गावची महाजनकी होती. शेतीवाडी होती, दुकान होते, सावकारीही होती. घरात विठ्ठलाची भक्ती तर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. त्यांनीच देहूस विठ्ठलाचे देऊळ उभारले, असे सांगतात. अशा संपन्न आणि भाविक घरात तुकोबांचे बालपण सुखात गेले.

थोरल्या सावजींचे मन संसारात रमत नसे. त्यामुळे घरच्या व्यापाराचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. ते दुकानावर बसू लागले, मालाची ने-आण करू लागले, देण्याघेण्याचा हिशेब ठेवू लागले. त्यांचे दोन विवाह झाले. पहिल्या पत्नी रखमाबाई दम्याच्या विकाराने आजारी असत, म्हणून पुण्याच्या जिजाई या त्यांच्या दुसऱ्या पत्नी झाल्या. जिजाईंनाच लोक आवली या नावाने ओळखतात. काही वर्षे सारे सुरळीत चालले. पुढे मात्र दुःखे एकामागून एक येऊ लागली. आईवडील निवर्तले. सावजींची पत्नी वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. ऐन तारुण्यात तुकोबांच्या माथ्यावरचे छत्र हरपले.

इतक्यात इ. स. १६३०च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. पावसाने पाठ फिरविली. विहिरी आटल्या, गुरे मेली, गावेच्या गावे ओस पडली. अन्नावाचून माणसे तडफडून मेली. देहूलाही या संकटाने सोडले नाही. तुकोबांचा व्यापार बुडाला, पत गेली. रखमाबाई अन्नान्न करीत गेल्या. त्यांचा लहान मुलगा संतू हाही मृत्यू पावला. काल ज्याच्या दुकानापुढे लोक उभे राहत, तोच आज लोकांना तोंड दाखविण्यास लाजू लागला. या दिवसांची हकिकत तुकोबांनी आपल्या अभंगांत स्वतःच सांगितली आहे. आपली फजिती, आपले दुःख आणि आपल्याला वाटलेली लाज यांपैकी काहीही त्यांनी झाकून ठेवलेले नाही.

असा आघात झाला म्हणजे माणसे बहुधा दोनपैकी एका वाटेने जातात. कोणी दैवाला आणि जगाला दोष देत बसतो, तर कोणी झाले ते विसरण्यासाठी पुन्हा धनाच्या मागे लागतो. तुकोबांनी तिसरी वाट धरली. माझे म्हणून जे जे मी समजत होतो ते सारे गेले, तरी मी उरलोच आहे. मग हा मी म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते गावाबाहेर पडले आणि चाकणच्या बाजूस असलेल्या भामनाथाच्या डोंगरावर जाऊन एकांतात बसले.

धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत तेथे पोचले. दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. घरातील कर्जखतांचा गठ्ठा त्यांच्यापुढे होता. गावोगावच्या कुळांकडून येणे असलेल्या रकमा त्या कागदांवर लिहिलेल्या होत्या. दुष्काळाने होरपळलेली ती कुळे रक्कम फेडणार तरी कशी? परंतु ही कागदपत्रे म्हणजेच बुडालेल्या घराची शेवटची आशाही होती. तुकोबांनी कागदांचे दोन सारखे भाग केले. एक भाग कान्होबांच्या हाती दिला, कारण त्यांना संसार करावयाचा होता आणि त्यांच्या वाट्यावर तुकोबांचा अधिकार नव्हता. स्वतःच्या वाट्याचे कागद मात्र त्यांनी इंद्रायणीच्या पाण्यात सोडून दिले. त्या दिवशी कित्येक गरीब कुळांच्या मानेवरील जू उतरले. धनाची आस आपल्या मनाला किती घट्ट बांधून ठेवते, हे तुकोबांनी ओळखले होते. ते बंधन दुसऱ्या कोणी तोडून दिले नाही. त्यांनी ते आपल्याच हातांनी तोडले.

यानंतर त्यांनी देहूतील विठ्ठलाच्या पडक्या देवळाची डागडुजी हाती घेतली. दिवसभर कष्ट करावे, एकादशीला कीर्तन करावे, असा क्रम सुरू झाला. परंतु आरंभी कीर्तनात आपले मन लागत नसे, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगून ठेवले आहे. मग त्यांनी पूर्वीच्या संतांची वचने आदराने पाठ केली. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ आणि कबीर यांच्या वाणीचा त्यांनी अभ्यास केला. दुसरे कोणी कीर्तन करीत असता ते मागे उभे राहत आणि ध्रुपद धरीत. आपल्याला काय येत नाही हे जो जाणतो, तोच शिकू शकतो. तुकोबांच्या ज्ञानाचा पाया या जाणिवेवर उभा राहिला.

चिंतनासाठी ते देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. तेथे माणसांची वर्दळ नव्हती. खाली इंद्रायणीचे खोरे पसरलेले, वर मोकळे आभाळ, भोवती झाडेझुडपे आणि पाखरांचा किलबिलाट. तुकोबांना त्या वृक्षवेलींची आणि पशुपक्ष्यांची आप्तांसारखी सोबत वाटे. तेथे त्यांना कोणाची भीड नव्हती, कोणाची स्तुती नव्हती आणि कोणाची निंदाही नव्हती. अशा ठिकाणी माणूस स्वतःपासून लपू शकत नाही. तुकोबा आपल्या मनाशी बोलत, मनाशी भांडत, मनाला जाब विचारीत. आज मला राग का आला? नाव व्हावे अशी इच्छा अजून माझ्यात दडून बसली आहे काय? तोंडाने देवाचे नाव घेताना माझे चित्त कोठे भटकत होते? असे प्रश्न ते स्वतःला करीत आणि मिळालेली उत्तरे कडू असली तरी ती स्वीकारीत.

स्वतःला ओळखण्याची ही साधना जगात अन्यत्रही थोर मानली गेली आहे. प्राचीन ग्रीस देशात डेल्फी येथे अपोलो देवाचे एक प्रख्यात मंदिर होते. दूरदूरचे लोक आपले भविष्य विचारण्यासाठी तेथे जात. त्या मंदिरावर, प्रत्येकाने आधी स्वतःला ओळखावे अशा अर्थाचे वचन कोरलेले होते, असे जुने ग्रीक लेखक सांगतात. देवाला प्रश्न विचारण्यापूर्वी माणसाने स्वतःकडे पाहावे, असा त्यातील भाव. देहूच्या वाण्याला ग्रीस देश ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी भंडाऱ्याच्या माथ्यावर बसून तो त्याच मार्गाने चालला होता.

या मार्गाची एक वेदना मात्र विसरता येणार नाही. तुकोबा डोंगरावर बसत तेव्हा घरी चूल पेटविण्याची काळजी जिजाईंना करावी लागे. घरात मुलेबाळे होती आणि धान्याचे मडके पुष्कळदा रिकामे असे. जिजाई रागावत, विठ्ठलालाही बोल लावीत. परंतु दुपार झाली की भाकरी बांधून घेऊन त्याच उन्हातान्हात डोंगर चढत, अशी कथा सांगतात. तुकोबांनीही आपल्या घरातील ही ओढाताण लपविली नाही. त्यांच्या अभंगांत ती उघडपणे आली आहे. तुकोबांच्या भक्तीची कथा सांगताना जिजाईंच्या कष्टांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

पुढे माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, तुकोबांना स्वप्नात बाबाजी नावाच्या गुरूंचा उपदेश झाला. त्यांनी रामकृष्णहरी हा मंत्र दिला. नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कविता करण्याची आज्ञा केली, असेही तुकोबा सांगतात. त्यांच्या मुखातून अभंग स्रवू लागले. ते सोप्या मराठीत होते. शेत, बाजार, तराजू, आई आणि मूल असे रोजचे दाखले त्यांत असत. त्यामुळे ते गुराखी, शेतकरी आणि दळणकांडण करणाऱ्या बाया यांच्या ओठी सहज बसत. चाकणचे संताजी जगनाडे हे तेल्याचा व्यवसाय करीत. ते तुकोबांच्या कीर्तनात रंगून गेले आणि त्यांचे अभंग लिहून ठेवू लागले. कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून जो रस्ता भोसरीकडून पुढे जातो, तो याच चाकणला पोचतो.

अभंगांतून तुकोबांनी ढोंगावर कठोर प्रहार केले. अंगाला राख फासून, जटा वाढवून लोकांना ठकविणारे त्यांना खपत नसत. तीर्थात अंग धुतले, पण मनाचा मळ तसाच राहिला, तर त्या स्नानाचा उपयोग काय, असे ते विचारीत. परंतु जगाचे दोष दाखविणाऱ्या या पुरुषाने आपल्या दोषांना कधी सूट दिली नाही. लोक त्यांना संत म्हणून गौरवू लागले तेव्हा ते संकोचले. लोक समजतात तेवढा मी मोठा नाही, माझे अवगुण मला ठाऊक आहेत, असे त्यांनी वारंवार म्हटले आहे. खरे काय आणि खोटे काय, हे ठरविताना त्यांनी आपल्या मनालाच साक्षीस ठेवले. पुष्कळ लोक म्हणतात एवढ्यावरून एखादी गोष्ट त्यांनी खरी मानली नाही.

या साक्षीची खरी परीक्षा पुढे झाली. तुकोबांची कीर्ती वाढली, तसा काहींना त्यांचा मत्सर वाटू लागला. त्या काळी धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार ठरावीक जातींनाच आहे, असे मानले जाई. शूद्र गणल्या गेलेल्या तुकोबांनी वेदांचा आशय प्राकृतात सांगावा, हे वाघोलीच्या रामेश्वरभट्ट या विद्वानांस सहन झाले नाही. त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत त्यांनी एके काळी स्वखुशीने कर्जखते सोडली होती, त्याच नदीत आता त्यांच्या आयुष्याची कमाई गेली. कागद तेच, पाणी तेच. परंतु हा आघात फार वेगळा होता. कर्जखते म्हणजे धन होते. अभंग म्हणजे त्यांचा प्राण होता.

लोक हसले. प्रपंचही बुडविला आणि परमार्थही बुडाला, असे निंदक बोलू लागले. तुकोबा नदीच्या काठी एका शिळेवर बसले. त्यांनी अन्नपाणी वर्ज्य केले. जे आपण लिहिले ते देवाच्या प्रेरणेने लिहिले, की आपल्याच अहंकाराने, हा प्रश्न त्यांच्या अंतःकरणाला जाळीत होता. दुसऱ्या कोणावर संतापण्याऐवजी त्यांनी पुन्हा स्वतःचीच झडती घेतली. असे १३ दिवस गेले. त्यानंतर वह्या कोरड्याच पाण्यावर तरंगून आल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ती शिळा देहूस आजही भक्तिभावाने जतन केलेली आहे. वह्या पाण्यात गेल्या तरी अभंग गेले नाहीत, हे तर इतिहासानेच सिद्ध केले. ते लोकांच्या कंठांत कायमचे राहिले.

पुढे रामेश्वरभट्टांना पश्चात्ताप झाला. ते तुकोबांना शरण आले आणि त्यांचे शिष्य बनले. तुकोबांनी त्यांच्याविषयी मनात किल्मिष ठेवले नाही. ज्याने आपल्या मनातील राग ओळखून जिंकला आहे, त्याला दुसऱ्याची चूक पोटात घालणे जड जात नाही. शिऊरच्या बहिणाबाईंनीही तुकोबांना गुरू मानले. त्या ब्राह्मण कुळातील होत्या. शूद्र मानल्या गेलेल्या संताचे शिष्यत्व पत्करल्यामुळे त्यांना घरी फार छळ सोसावा लागला, तरी त्या ढळल्या नाहीत. देहूस येऊन त्यांनी तुकोबांना डोळ्यांनी पाहिले आणि आपल्या अभंगांत त्यांच्याविषयी लिहून ठेवले.

शिवाजी महाराजांनी तुकोबांचा लौकिक ऐकून त्यांच्याकडे दिवट्या, छत्र, घोडे असा सन्मान पाठविला, अशी परंपरागत कथा आहे. घरात दारिद्र्य होते. मुलांना पोटभर जेवण मिळाले असते. परंतु तुकोबांनी तो सन्मान नम्रपणे परत केला. मानाची गोडी एकदा लागली की ती सुटत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या मनाच्या कोणत्या दाराने शत्रू आत येतो, हे ज्याला कळले आहे, तो त्याच दारावर पहारा ठेवतो.

इ. स. १६५०च्या सुमारास, फाल्गुन वद्य द्वितीयेस, तुकोबांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४० ते ४२ वर्षांचे होते. ते सदेह वैकुंठास गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ती तिथी तुकाराम बीज म्हणून पाळली जाते आणि त्या दिवशी देहूस मोठी यात्रा भरते. त्यांचे धाकटे पुत्र नारायणबाबा यांनी इ. स. १६८५मध्ये देहूहून पंढरपूरला पालखी नेण्याची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकात शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली तुकोबांची गाथा संपादित झाली आणि ती सरकारी साह्याने छापली गेली. तिच्यात सुमारे ४,६०० अभंग आहेत. ज्या वह्या एकदा पाण्यात बुडविल्या गेल्या, त्यांतील वाणी अशा रीतीने घरोघरी पोचली.

आता भंडाऱ्याच्या डोंगराच्या पायथ्यापासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या रांगा उभ्या आहेत. ज्या वाटांनी तुकोबा एकटे चालत, त्या वाटांवर आज अवजड वाहने धावतात. तरीही दरवर्षी ज्येष्ठाच्या अखेरीस कासारवाडीच्या रस्त्यावर टाळ वाजतात. रात्रपाळी करून आलेला एखादा कामगार पालखीसमोर हात जोडून क्षणभर डोळे मिटतो. त्या एका क्षणी बाहेरचा गोंगाट थांबतो आणि माणूस स्वतःजवळ येतो. तुकोबांनी डोंगरावर जाऊन जे साधले, त्याचा आरंभ एवढ्या लहानशा क्षणापासूनही होऊ शकतो. त्यासाठी डोंगर चढावाच लागतो असे नाही. दिवस मावळल्यावर आपल्या मनाला खरेपणाने चार प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र अंगी असावे लागते.